वाचकांचे प्रश्न : ओझोनचे भोक आणि आपल्या एसीतला गॅस

१६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन. त्यानिमित्त मागवलेल्या प्रश्नांत सर्वांत जास्त प्रश्न घरच्या एसीबद्दल आले. तेव्हा त्यांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : ओझोनचा थर म्हणजे छपरासारखे काही असते का? त्याला ‘भोक’ पडते म्हणजे नेमके काय होते? (बारावीची विद्यार्थिनी, लातूर)

छप्पर वगैरे काही नसते. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरच्या हवेत ओझोनचे रेणू विखुरलेले असतात. जिथे ते सर्वांत दाट, तिथेही हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये जेमतेम आठ-दहा. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून शून्य अंश तापमानाला, समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर थर भरेल सुमारे ३ मिलिमीटर. हे मोजायचे एकक डॉब्सन. १०० डॉब्सन म्हणजे १ मिलिमीटर, म्हणून जगाची सरासरी ३०० डॉब्सनच्या आसपास येते. २२० च्या खाली गेलेल्या प्रदेशाला ‘भोक’ म्हणायचे असा संकेत आहे. अंटार्क्टिकावर ऐन वेळी हा आकडा १०० च्या जवळ उतरलेला आहे, आणि तेव्हा १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ उरतच नाही.

हे कळते कसे? एक पद्धत फुग्याची. भारतीय हवामान विभाग पुण्यातून असे फुगे वर्षानुवर्षे सोडत आला आहे. फुग्याखालच्या डबीत एक छोटा पंप बाहेरची हवा ओढतो आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतो. ओझोन असेल तितके आयोडीन सुटे होते, त्याने मायक्रोअँपिअरमध्ये वीज वाहते, आणि तो आकडा रेडिओने खाली येतो. फुगा तीसेक किलोमीटरवर फुटेपर्यंत, कोणत्या उंचीला किती ओझोन याचा आलेख हाती पडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. हे रोज चालू असते, मोडणेही रोज चालू असते. आपण फक्त मोडण्याचा वेग वाढवला. म्हणूनच मोडणारी रसायने कमी झाली की थर आपोआप भरतो, त्याला कोणी ठिगळ लावावे लागत नाही.

प्रश्न : सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, जुन्या फ्रिज-एसीतला क्लोरीनयुक्त गॅस) हवेपेक्षा चौपट जड. मग ते इतके वर जाते कसे? शिवाय कारखाने उत्तर गोलार्धात आणि भोक दक्षिण ध्रुवावर, हे कोडे उलगडत नाही. (निवृत्त शिक्षक, सातारा)

बंद खोलीतल्या स्थिर हवेत जड वायू तळाशी बसतो, हे खरे. पण वातावरण सतत घुसळले जाते आणि सुमारे १०० किलोमीटर उंचीपर्यंत वायू वजनाप्रमाणे वेगळे होतच नाहीत. कार्बन डायऑक्साइडही हवेपेक्षा जड आहे, तोही वरपर्यंत सापडतो. सीएफसीचा खरा गुण म्हणजे ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, खालच्या हवेत कशाशीच क्रिया करत नाही. १९२८ साली टॉमस मिजली यांनी ते पुढे आणले ते याच गुणासाठी: विषारी नाही, पेटत नाही. पावसात धुऊन न निघणारा हा वायू मग वर्षानुवर्षे भटकत वर पोचतो. सीएफसी-११ चे आयुष्य सुमारे ५० वर्षे, सीएफसी-१२ चे सुमारे १००. समुद्राच्या मिठातले क्लोरीन मात्र पावसाबरोबर खाली येते. ‘समुद्रातून इतके क्लोरीन जाते, मग सीएफसीला दोष का’ या युक्तिवादात म्हणूनच दम नाही.

वर गेल्यावर अतिनील किरण सीएफसीतला क्लोरीनचा अणू तोडतात. तो ओझोनचा एक ऑक्सिजन पळवतो, दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू लाखभर ओझोन रेणू मोडू शकतो. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हे १९७४ मध्ये मांडले. पॉल क्रुट्झन यांच्यासह त्यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता दक्षिण ध्रुव. एरवी वरचे बहुतेक क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन निरुपद्रवी रूपांत अडकलेले असते. अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात मात्र ध्रुवाभोवती वाऱ्यांचे कडे तयार होते, आतली हवा बाहेर मिसळत नाही आणि तापमान उणे ७८ अंशांच्या खाली जाते. त्या थंडीत नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे बर्फाळ ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर ही दोन रूपे एकमेकांशी क्रिया करतात आणि क्लोरीन वायू सुटतो. ऑगस्टअखेर ऊन परतले की त्याचे अणू होतात आणि सहा-आठ आठवडे ओझोनची कत्तल चालते. नोव्हेंबर-डिसेंबरात कडे फुटते, बाहेरची हवा आत येते, भोक भरते. उत्तर ध्रुवाभोवती डोंगर आणि जमीन-समुद्राची सरमिसळ आहे. त्यामुळे तिथले कडे डळमळीत असते आणि तितकी थंडी साचत नाही. तरीही २०११ आणि २०२० च्या वसंतात तिथेही मोठी घट झाली होती. म्हणजे सीएफसी सगळीकडे आहे, फक्त कत्तलीला लागणारी थंडी दक्षिणेत नेमाने मिळते.

प्रश्न : विदर्भातला उन्हाळा दरवर्षी असह्य होतो आहे. आपल्यावरचा ओझोन विरळ झाल्यामुळे का? (वाचक, नागपूर)

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे. ऊन अंगाला भाजते ते दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरणांमुळे, तापमान वाढते आहे ते हरितगृह वायूंमुळे. ओझोन अडवतो तो अतिनील भाग: २८० नॅनोमीटरच्या आतला यूव्ही-सी जवळजवळ पूर्ण, २८० ते ३१५ मधला यूव्ही-बी बराचसा. त्यापुढचा यूव्ही-ए बहुतेक सगळा खाली येतो.

महाराष्ट्रावर ओझोन साधारण २५० ते २८० डॉब्सन असतो, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा कमीच. पण ते उष्ण कटिबंधात निसर्गतः तसेच असते. इथे तयार झालेला ओझोन वरचे वारे ध्रुवांकडे वाहून नेतात. त्यात सूर्य मे आणि जुलैमध्ये आपल्या थेट डोक्यावर येतो. म्हणून इथला यूव्ही निर्देशांक उन्हाळ्यात ११ च्या पुढे जातो, भोक नसतानाही.

त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू हे यूव्ही-बीचे मुख्य धोके. गोऱ्या त्वचेला कर्करोगाची भीती अधिक. मोतीबिंदूच्या बाबतीत गहू वर्ण तुम्हाला वाचवत नाही. चष्मा घेताना ‘यूव्ही ४००’ लिहिलेला घ्या. रस्त्यावरचा नुसता काळा चष्मा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्त आत शिरतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेवढा वेळ टोपी, छत्री, पूर्ण बाह्या. हवा थंड आहे म्हणून महाबळेश्वरला बेफिकीर राहू नका. दर हजार मीटर चढले की अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात.

प्रश्न : आम्ही ऑकलंडला राहतो. इथे उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत त्वचा लाल होते. भोक आमच्यावर येते का? (वाचक, न्यूझीलंड)

भोक सहसा तुमच्यापर्यंत पोचत नाही. डिसेंबरात ते फुटते तेव्हा विरळ ओझोनच्या हवेचे तुकडे कधीकधी तुमच्या बाजूला सरकतात, तेवढेच. मुख्य कारणे वेगळी: तुमच्या उन्हाळ्यात, जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हवा स्वच्छ आहे आणि दक्षिणेकडे उन्हाळी ओझोनही थोडा कमी. तितक्याच अक्षांशावरच्या उत्तरेतल्या जागेपेक्षा तुमच्याकडे दुपारचे अतिनील किरण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असतात. भारतात चालून गेलेल्या सवयी तिथे चालणार नाहीत.

प्रश्न : आमचा दीड टनाचा जुना एसी आर-२२ चा आहे. दर उन्हाळ्यात मेकॅनिक ‘गॅस संपला’ म्हणतो आणि भरून देतो. खरेच दरवर्षी संपतो का? (गृहिणी, डोंबिवली)

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांत तो वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस काही महिन्यांत हवेत जाणार. आर-२२ मध्ये क्लोरीन आहे. सीएफसीच्या मानाने त्याची ओझोन मोडण्याची ताकद पाच-सहा टक्केच, पण तापमानवाढीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० किलोइतका. तुमच्या एसीत तो किलोभर असतो.

आधी हे बघा की गॅस खरेच कमी आहे का. जाळी धुतलेली नसेल, आउटडोअरच्या पत्र्यांत धूळ बसली असेल किंवा पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला असेल, तरी थंडावा कमी पडतो. आतल्या कॉइलवर बर्फ दिसला की लोक लगेच गॅसवर बोट ठेवतात, पण तुंबलेल्या जाळीनेही बर्फ धरतो.

गॅस कमीच असेल तर मेकॅनिकने क्रमाने काय करायला हवे, ते माहीत असू द्या. फ्लेअर नट (पाइप जोडणारे), आउटडोअरचे व्हॉल्व्ह, कॉइलचे वळलेले सांधे आणि थरथरणारी बारीक नळी इथे तेलाचा डाग शोधायचा. गॅसबरोबर तेलही झिरपते, म्हणून तेलकट धूळ दिसली की तिथेच साबणाचे पाणी लावायचे. उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. सांधा ब्रेझ करताना (तापवून धातूने जोडताना) नळीतून हलका नायट्रोजन वाहता ठेवायचा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे बारीक नळी तुंबते. मग कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन काटा अर्धा तास तरी स्थिर राहतो का पाहायचे. आर-२२ च्या यंत्राला साधारण २५० पीएसआय (दाबाचे एकक) पुरतो, आर-४१०ए आणि आर-३२ या नव्या गॅसांच्या यंत्रांना निर्मात्याने दिलेला, त्याहून बराच जास्त. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही: तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

यानंतरची पायरी सर्वाधिक गाळली जाते, ती म्हणजे व्हॅक्यूम. पंपाने व्हॅक्यूमच्या मापकावर ५०० मायक्रॉनपर्यंत हवा ओढायची, पंप बंद करून दहा मिनिटे थांबायचे. आकडा चढतच राहिला तर गळती तरी आहे किंवा ओल तरी. ‘थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो’ हा प्रकार मान्य करू नका. त्याने गॅस वातावरणात जातो, वर हवा आणि ओल आत राहते. ओलीने नव्या प्रकारच्या तेलात आम्ल तयार होते आणि कंप्रेसर जळतो. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, यंत्राच्या पट्टीवर लिहिला आहे तितकाच. नुसत्या दाबाच्या काट्यावर भरलेला गॅस बाहेरच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो. बिलावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहून मागा.

खाऱ्या हवेने कॉइलच पोखरली असेल आणि यंत्र दहा-बारा वर्षांचे असेल, तर आमचे मत: दुरुस्तीत पैसे घालू नका. भारतात नवी यंत्रे बनवण्यात आर-२२ सारख्या एचसीएफसींचा वापर २०२४ अखेर बंद करण्याचे वेळापत्रक होते, आणि दुरुस्तीसाठी मिळणारा साठाही २०३० पर्यंत आटत जाणार आहे.

घर बदलताना एसी काढायचा असेल तर गॅस आउटडोअरमध्ये कोंडून घ्यायला सांगा. एसी थंडीवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दाबाचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद करायचा आणि यंत्र लगेच थांबवायचे. शून्याच्या खाली ओढत बसले तर हवा आत शिरते, आणि पेटणाऱ्या गॅसच्या यंत्रात ते जिवावर बेतते. हे एक-दोन मिनिटांचे काम न करता नट ढिले करून सगळा गॅस फुस्स करणारे पुष्कळ आहेत. तेव्हा समोर उभे राहा.

प्रश्न : मी एसी दुरुस्तीचे काम करतो. आर-२२ महागला. ग्राहक म्हणतात, जुन्या यंत्रात आर-२९० किंवा आर-३२ टाक. टाकावा का? (तंत्रज्ञ, पनवेल)

दोन्ही नाही. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुनी कॉइल आणि कंप्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत. शिवाय जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही, कंप्रेसर कोरडा पडतो.

आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. दाब आर-२२ च्या जवळपास, तेलाशी जमते, थंडावाही चांगला. म्हणूनच मोह होतो. पण हवेत २.१ टक्के झाला की तो पेटतो, म्हणजे घनमीटरला ३८ ग्रॅम. आर-२२ च्या यंत्रात तो ४५०-५०० ग्रॅम लागेल. १० बाय १० च्या खोलीत ही सगळी गळती नीट मिसळली तर मर्यादेच्या खाली राहील, पण प्रोपेन जड आहे, जमिनीलगत साचतो. तिथे मर्यादा सहज ओलांडते आणि जुन्या यंत्राचा रिले किंवा शेजारचा स्विच ठिणगी टाकतो. प्रोपेनसाठीच बनवलेल्या एसीत, जसे गोदरेजने भारतात २०१२ पासून आणले, गॅस तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ठेवतात, विजेची जोडणी ठिणगी बाहेर न पडेल अशी असते आणि खोलीचे किमान क्षेत्रफळ ठरवून दिलेले असते. ती यंत्रे उत्तम. जुन्यात भरणे धोक्याचे.

तुमच्यासाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे काढलेला आर-२२ सांभाळणे. रिकव्हरी मशिनने पुन्हा भरता येणाऱ्या सिलिंडरमध्ये घ्या, ८० टक्क्यांपुढे भरू नका: उन्हात द्रव फुगला तर सिलिंडर फाटतो. प्रत्येक गॅसला वेगळा सिलिंडर. आर-२२ मध्ये आर-४१०ए मिसळला की ते मिश्रण कोणी वेगळे करून देत नाही, दोन्ही वाया. आर-४१०ए भरताना द्रवरूपात, म्हणजे सिलिंडर गरजेप्रमाणे उलटा धरून भरा. आणि फार स्वस्त सिलिंडर दिसला तर दूर राहा. नकली गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. त्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारे संयुग बनते आणि यंत्र उघडणाऱ्याच्या अंगावर येते.

प्रश्न : वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा फ्रिज भंगारात दिला तर चालेल? (वाचक, कोल्हापूर)

नळी कापून कंप्रेसर काढणाऱ्याला देऊ नका. त्या काळच्या अनेक फ्रिजमध्ये नळ्यांत सीएफसी-१२ आणि भिंतींच्या फोममध्ये सीएफसी-११ असते. फोममधले प्रमाण बहुधा नळ्यांतल्यापेक्षा जास्त, आणि फोम फोडला की ते सुटते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्रिज आणि एसी दोन्ही येतात. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या.

प्रश्न : युरियामुळे ओझोन कमी होतो असे ऐकले. शेतकऱ्यावर आणखी एक खापर? (शेतकरी, परभणी)

खापर नको, पण गोष्ट खरी आहे. नत्रखताचा काही भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. तो शंभरावर वर्षे टिकतो, वर जाऊन ओझोन मोडतो. वातावरणशास्त्रज्ञ ए. आर. रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की सीएफसी बंद झाल्यावर ओझोनला मारक उत्सर्जनांत हाच पहिल्या क्रमांकावर आहे. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रियल कराराने त्यावर बंधन घातलेले नाही.

काळ्या जमिनीत पाणी साचले, हवा कोंडली की हे रूपांतर जोरात होते. म्हणून साचलेल्या पाण्यावर किंवा मोठा पाऊस तोंडावर असताना युरिया फेकू नका. एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या, ठिबक असेल तर त्यातून. पिकाला न मिळालेले नत्र तुमच्या खिशातूनच उडते, त्यामुळे इथे तुमचा आणि ओझोनचा फायदा एकच आहे.

प्रश्न : करार, परिषदा पुष्कळ होतात. यातून काही साधले का? (वाचक, पणजी)

साधले, आणि ठोस साधले. जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्राच्या नोंदींवरून भोकाची बातमी मे १९८५ मध्ये दिली. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. आज त्यात १९८ पक्ष आहेत, जगातला प्रत्येक देश. तो टिकला याची दोन कारणे आम्हाला महत्त्वाची वाटतात. कराराबाहेरच्या देशांशी या रसायनांचा व्यापार बंद ठेवला. आणि १९९० मध्ये लंडनला गरीब देशांना तंत्र बदलण्यासाठी निधी मान्य झाला, ज्यासाठी भारत आणि चीन अडून बसले होते. निधी ठरल्यावर भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि दम्याच्या पंपांसारखे अपवाद सोडून १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसी बंद केले, मुदतीच्या १७ महिने आधी.

लबाडीही झाली. २०१२ नंतर सीएफसी-११ ची घट मंदावली. हवेच्या नमुन्यांवरून माग काढत शास्त्रज्ञ पूर्व चीनपर्यंत पोचले, २०१८-१९ मध्ये ते जाहीर झाले, आणि पुढे उत्सर्जन पुन्हा खाली आले. कोणी चोरून सोडले तर हवा साक्ष देते, ही या कराराची ताकद.

२०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार हीच धोरणे चालू राहिली तर १९८० ची पातळी जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परत येईल. मधल्या काळात एखादे वर्ष वाईट जाईल: २०२३ मध्ये भोक २ कोटी ६० लाख चौरस किलोमीटरपर्यंत गेले. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये.

सीएफसीच्या जागी आलेल्या एचएफसी गॅसांत क्लोरीन नाही, पण ते तापमान वाढवतात. आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट, आर-२९० तीनच्या आसपास. त्यांना आवरण्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे वापर २०२८ ला गोठवायचा, २०३२ पासून कपात सुरू, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. आज घेतलेला एसी यातली निम्मी वर्षे तरी तुमच्या भिंतीवर असेल. तेव्हा खरेदी करताना विजेच्या ताऱ्यांबरोबर पट्टीवरचे गॅसचे नाव वाचा.

प्रश्न : भाज्या धुवायचे, खोली शुद्ध करायचे ओझोन यंत्र घेतले तर थराला हातभार लागेल? (वाचक, ठाणे)

नाही. खाली बनवलेला ओझोन वर पोचण्याआधीच मोडतो, आणि वातावरणातल्या सुमारे तीन अब्ज टन ओझोनपुढे तो किती असणार! श्वासातून गेला तर तो फुप्फुसाला जाळतो. भारतात बाहेरच्या हवेसाठीच त्याची मर्यादा आठ तासांना घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. माणसे असलेल्या बंद खोलीत असे यंत्र लावू नका, दम्याचा रुग्ण घरात असेल तर अजिबातच नाही. भाज्यांना वाहते पाणी पुरते.